चारही प्लग बदलू, म्हणे!

गाडी आचके देते म्हणून गॅरेजला न्या, उत्तर ठरलेलं: "साहेब, चारही प्लग, चारही कॉइल टाकू." अरे, पण मिस कुठला सिलिंडर होतोय? ते कोण बघणार! आणि ऑफिसात एका बगपायी रात्र जागवणारे आपण इंजिनियर लोक निमूट बिल भरतो. च्यायला, चार वर्षं काय नुसती सबमिशनं केली?

कोड रीडर लावा. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. इंजिन थंड असताना पहिल्याची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसा, चक्कर मारून या. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेलीय, एकच घ्या. नाही हलला, तर प्लगची अदलाबदल. तरी नाही? मग इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. तिथे मेकॅनिकच हवा, मान्य.

काढलेला प्लग बघा तरी! टोक फिकट तपकिरी म्हणजे तब्येत ठीक. तेलकट काळं असेल तर आत ऑइल येतंय. नवा प्लगही तसाच माखणार. गॅरेजवाला मात्र जुना प्लग न दाखवताच फेकतो.

"आटे गेले तर?" ही भीती खरी आहे, हेड ॲल्युमिनियमचं असतं. म्हणून सुरुवातीचे आटे हातानेच बसवायचे, पाना नंतर.

आणि हो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ती चक्करही नको. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि तो प्लगच्या भावात येत नाही.