दाखवायची घोषणा आणि खिशातली थट्टा

आपल्या बेटावरील पुष्कळ मराठी घरांतले कोणी ना कोणी विलायतेत आहे. कोणी साठ-सत्तर सालांच्या सुमारास नर्सच्या शिक्षणासाठी गेले आणि तिकडेच स्थायिक झाले, कोणी मागाहून शिकायला गेले. पूर्वी तिकडची खबर हवाई टपालाने येई. आता मोबाईल वाजतो, आणि खबरीच्या आधी तिच्यावरचा विनोद येऊन पोचतो. २२ मे २०२४ रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी निवासस्थानाबाहेर भर पावसात, छत्रीवाचून उभे राहून निवडणूक जाहीर केली. त्याच वेळी फाटकापलीकडून कोणीतरी १९९७ साली मजूर पक्षाने प्रचारात वापरलेले गाणे मोठ्याने लावले होते. मग त्या भिजलेल्या कोटावरचे विनोद मित्रांनी मित्रांना धाडले, आणि ते जगभर फिरले.

हसायला कोणाची हरकत नाही. पण राजकीय पक्षाची घोषणा आणि मित्रांची थट्टा ही दोन्ही आता एकाच छोट्या पडद्यावर येतात. त्यातून मतदाराच्या पदरात काय पडते, याचा विचार करणे आम्हांला अगत्याचे वाटते.

मोबाईलवरचा पहिला लिखित संदेश ब्रिटनमध्येच गेला. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या एका अधिकाऱ्याला नाताळच्या शुभेच्छा पाठविल्या. एका संदेशाला १६० इंग्रजी अक्षरांची मर्यादा होती. घोषणा लिहिणाऱ्यांना ही मर्यादा मुळीच जाचली नाही, कारण थोडक्यात बोलून मनात ठसविणे हाच त्यांचा धंदा.

७ जून २००१ च्या निवडणुकीपूर्वी मजूर पक्षाने तरुणांच्या मोबाईलवर एक संदेश धाडला. इंग्लंडमधील पब तेव्हा साधारणपणे रात्री अकराला बंद होत. त्याआधी मालक 'शेवटची ऑर्डर' म्हणून पुकारा करी. या शेवटच्या ऑर्डरची तुम्हांला फिकीर करायची नसेल, तर जादा वेळेसाठी गुरुवारी मजूर पक्षाला मत द्या, असा संदेशाचा आशय होता. शब्दांची मोडतोड मित्र मित्राला लिहितो तशीच केली होती, आणि त्यात एका बिअरच्या जाहिरातीतील चावट शब्दाची कोटीही होती.

नंतर काय झाले? वचन पाळले गेले. २००३ साली नवा कायदा झाला आणि नोव्हेंबर २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये तो अमलात आला. पक्षही मोठ्या बहुमताने जिंकला. परंतु त्या निवडणुकीत एकूण मतदान झाले ५९.४ टक्के, म्हणजे १९१८ नंतरचे सर्वांत कमी. पक्षाने मित्राचा वेष घेऊन थट्टा केली म्हणून लोक मतपेटीपाशी येतातच असे नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

घोषणेचा खेळ अर्थात मोबाईलहून जुना आहे. १९७८ साली हुजूर पक्षाने एक भित्तिपत्रक लावले. त्यात बेकारांची लांबच लांब रांग होती, आणि मथळ्यात 'लेबर' या शब्दावर कोटी होती. मजूर पक्षाचा कारभार चालत नाही आणि मजुराला काम नाही, असे दोन्ही अर्थ त्यातून निघत. रांगेतले लोक बेकार नव्हते. ते त्या पक्षाच्या तरुण शाखेचे कार्यकर्ते होते, आणि पुरेसे जमले नाहीत म्हणून त्याच थोड्यांची छायाचित्रे पुन्हा पुन्हा जोडून रांग वाढविली होती. १९७९ साली हुजूर पक्ष सत्तेवर आला, आणि जानेवारी १९८२ मध्ये बेकारांचा आकडा ३० लाखांच्या पुढे गेला. ती घोषणा मग उलटून त्याच पक्षाला विचारता येण्याजोगी झाली.

मित्रांच्या थट्टेचे खरे मोल येथे आहे. २०१७ साली थेरेसा मे यांनी 'भक्कम आणि स्थिर' हे शब्द इतक्या वेळा उच्चारले की लोकांनी त्यांचे 'दुबळे आणि डळमळीत' असे करून टाकले. निवडणुकीत त्यांचे बहुमत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पक्षाच्या अधिवेशनात त्या बोलत असताना पाठीमागच्या भिंतीवरील घोषणेची अक्षरे गळून पडली. त्यावर विनोद करावा लागलाच नाही. खालून वर केलेली अशी थट्टा घोषणेला टिचकी मारून पाहते. मडके पक्के आहे की कच्चे, हे आवाजावरून कळते.

पण थट्टेची दुसरी जातही आहे. ती वरून खाली येते, आणि बंद दाराआड होते. २०२३ साली ब्रिटनचे माजी आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांचे एक लाखाहून अधिक व्हॉट्सॲप संदेश एका वृत्तपत्राच्या हाती लागले. कोविडच्या काळात, १५ फेब्रुवारी २०२१ पासून, 'लाल यादी'तील ३३ देशांतून येणाऱ्यांना स्वखर्चाने हॉटेलात कोंडून घ्यावे लागे. एकट्या माणसाला १,७५० पौंड पडत. विमानाच्या पहिल्या वर्गातून उतरून हॉटेलच्या खुराड्यात शिरणाऱ्यांचे चेहरे पाहायला मजा येईल, असे त्या वेळी सरकारचे सर्वोच्च सनदी अधिकारी मंत्र्यांना लिहीत होते. वाचकहो, त्या ३३ देशांत आरंभी आपले मॉरिशसही होते. १९ मार्चला आपले नाव यादीतून निघाले. आईवडिलांना भेटून परत जाणारी आपलीच लेक त्या खुराड्यात असू शकत होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये याहून वाईट उघडकीस आले. मँचेस्टरच्या बाजूच्या मजूर पक्षीय मंडळींचा एक व्हॉट्सॲप गट होता. एका वृद्ध बाईने कचऱ्याच्या डब्यांविषयी आपल्या नगरसेवकाला पत्र लिहिले होते, आणि तिने त्या पक्षाला मत दिले नव्हते. ते पत्र गटात आले. पुढच्या निवडणुकीपर्यंत ही बाई मेलेली असेल अशी आशा करू या, अशा अर्थाची थट्टा खासदार अँड्र्यू ग्विन यांनी केली. ते तेव्हा आरोग्य खात्याचे मंत्री होते. बातमी फुटताच त्यांचे मंत्रिपद गेले, पक्षाने त्यांना निलंबित केले, आणि पाठोपाठ आणखी एक खासदार व अकरा नगरसेवकही निलंबित झाले. त्यांनी माफी मागितली.

कोणी म्हणेल की मित्रांतले बोलणे मित्रांतच राहावे. सामान्य माणसाच्या बाबतीत आम्हांलाही हे मान्य आहे. दोन मित्रांची थट्टा चव्हाट्यावर ओढणे हा सभ्यपणा नव्हे. परंतु त्या बाईने पत्र मित्राला लिहिले नव्हते, लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला लिहिले होते. त्या पत्राची थट्टा झाली तेव्हा तो मामला खासगी राहिला नाही. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असे आपण म्हणतो. ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत त्या पक्षाची घोषणा एका शब्दाची होती, 'बदल'. सुमारे ३४ टक्के मतांवर त्याला ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. कचऱ्याचा डबा वेळेवर उचलला जावा, एवढाच बदल त्या बाईला हवा होता.

हे सारे दूरच्या देशाचे म्हणून सोडून देता येणार नाही. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला आपल्याकडेही 'शांज्मां' म्हणजे बदलाच्याच नावाने लढलेल्या आघाडीने बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. त्याआधी काही आठवडे चोरून ध्वनिमुद्रित केलेली फोनवरची संभाषणे लोकांच्या कानी पडत होती. सामाजिक माध्यमे बंद करण्याचा आदेशही निघाला, आणि लगेच मागे घ्यावा लागला. सत्तेवरचे लोक आपापसांत काय बोलतात, हे आपणही ऐकले आहे. ज्यांचे फोन चोरून ऐकले गेले, त्यांच्यावर काय गुदरले, हेही पाहिले आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. विनोद आला तर मनमुराद हसावे, पुढे धाडावा. पण प्रत्येक निवडणुकीत घरी एक वही ठेवावी. कोणत्या पक्षाने कोणती घोषणा केली आणि तिच्यात मोजता येण्यासारखे काय होते, ते तारखेसह लिहून ठेवावे. विनोद दोन दिवसांत शिळा होतो. ती वही पाच वर्षांनी मत मागायला आलेल्यापुढे उघडून ठेवता येईल.