यंत्राआधी चक्की

लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात वाफ सोडत उभे असलेले यंत्र आणि त्यातून मिळणारी फेसाळ, गोड, वर चॉकलेटची भुकटी भुरभुरवलेली कॉफी, हीच आपल्याकडच्या दोन पिढ्यांची ‘एक्स्प्रेसो’. प्रत्यक्षात ते दूध, साखर आणि इन्स्टंट पावडर असते. वाफ फक्त दूध तापवते आणि फेस आणते. इटालियन एस्प्रेसोत दूधही नसते आणि फेसासाठी वाफही नसते. बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या थरातून सुमारे नव्वद अंशांचे पाणी वातावरणाच्या नऊपट दाबाने ढकलले जाते आणि अर्ध्या मिनिटात दोन-तीन घोट दाट अर्क कपात उतरतो.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडच्या कॅफेंनी ही चव नाशिककरांना लावली. आता ती घरात हवी झाली आहे. सोसायटीतली, ओळखीची मंडळी हल्ली रक्तदाबाबरोबर यंत्राबद्दलही विचारतात. ‘पंधरा बारचे घ्यावे की वीस बारचे?’ हा प्रश्न ठरलेला. खोक्यावरचा हा आकडा पंपाची कमाल क्षमता सांगतो. कॉफीला लागतात नऊ. वीस बारसाठी जास्त पैसे मोजण्यात काहीच अर्थ नाही.

पैसे खर्च करायचे ते चक्कीवर. हे आपल्याला इटालियन माणसाने सांगायला नको. भाकरीचे पीठ आणि लाडवाचा रवा यांतला फरक जाणणाऱ्या घरात दळणाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. मिक्सरचे पाते बी कापते, त्यामुळे भांड्यात धूळही असते आणि खडेही. जाते मात्र दोन दगडांमधल्या फटीतून दळते आणि फट बदलली की पिठाचा पोत बदलतो. कॉफीची ‘बर’ चक्की म्हणजे पोलादी किंवा सिरॅमिक दात्यांचे छोटे जातेच. दळण असमान असले तर दाबाखालचे पाणी मऊ वाट शोधून तिथूनच निसटते. मग कपातली कॉफी एकाच वेळी आंबट आणि कडू लागते आणि दोष यंत्राला दिला जातो.

अठरा ग्रॅम पूड घालावी, छत्तीस ग्रॅमच्या आसपास अर्क निघावा, आणि याला पंचवीस-तीस सेकंद लागावेत, हा सर्वमान्य अंदाज. बारा सेकंदांत धार संपली तर दळण बारीक करायचे, पाऊण मिनिट थेंब-थेंब पडत राहिले तर जाडसर. ही दुरुस्ती अगदी सूक्ष्म टप्प्यांत करता येईल अशीच चक्की घ्यावी. दुकानदाराला नेमके हेच विचारावे. ठरवलेल्या रकमेतली निदान एक तृतीयांश, शक्य तर निम्मी तिच्यासाठी ठेवावी. विजेची परवडत नसेल तर हाताने फिरवायची चांगली. एका कपासाठी मिनिटभर हात फिरवावा लागतो, तेवढा व्यायाम कोणालाही झेपतो.

चक्की घ्यायचीच नसेल तर यंत्राबरोबर दुहेरी तळाची गाळणी येते का पाहावे. तिच्या एकाच सूक्ष्म छिद्रामुळे तयार पुडीलाही फेस येतो. चव बेताचीच असते. चक्की घेणाऱ्याने एकेरी तळाची गाळणी मागून घ्यावी. आणि घरातले चौघेही दूध-साखर घालूनच पिणार असतील, तर माझ्या मते यंत्र घेऊच नये. दाक्षिणात्य स्टीलचा फिल्टर आणि बरी चक्की यांत त्यांचे उत्तम भागते. बिया भाजल्याची तारीख छापलेल्या पाकिटातल्या घ्याव्यात. चिखलदऱ्यातही कॉफी पिकते, पण थोडीच. आपल्याला मिळते ती बहुतेक चिकमगळूर-कोडगूची.

आता माझ्या प्रांतात येतो. घरात यंत्र आले की कपांची संख्या वाढते, आणि हिशेब कोणी ठेवत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगितली आहे. बियांच्या जातीनुसार कमी-जास्त होते, पण दुहेरी एस्प्रेसोत साधारण १२० ते १५० मिलिग्रॅम धरावे. रोबस्टा असेल तर त्याहून जास्त. असे दोन कप आणि वर नेहमीचे दोन चहा, की मर्यादा ओलांडली. गर्भवतींनी २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. रक्तातले निम्मे कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपाचा बराचसा अंश रात्री अकरालाही अंगात असतो. झोप येत नाही म्हणून गोळी मागणाऱ्यांना मी आधी शेवटच्या कपाची वेळ विचारतो.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती थायरॉइडच्या गोळीची. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि यंत्रही सकाळीच सुरू होते. एस्प्रेसोबरोबर घेतली तर गोळीचे शोषण घटते, हे इटलीतल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये दाखवून दिले. अहवालात टीएसएच चढलेला दिसतो, डोस वाढवला जातो, आणि कारण ओट्यावर उभे असते. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफी तासाभराने. हाच तासाचा नियम जेवणालाही लावावा, आधी आणि नंतरही. कॉफी-चहातले घटक अन्नातल्या लोहाचे शोषण रोखतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांसाठी एक गोष्ट. कॉफीतला कॅफेस्टॉल हा तेलकट घटक कागदी गाळणीत अडकतो. धातूच्या गाळणीतून खाली उतरतो. उकळलेल्या कॉफीत तो सर्वाधिक असतो, एस्प्रेसो मधोमध. नॉर्वेतल्या ट्रोम्सो इथल्या वीस हजारांहून अधिक प्रौढांच्या अभ्यासात, दिवसाला तीन ते पाच एस्प्रेसो पिणाऱ्यांचे कोलेस्टेरॉल थोडे जास्त आढळले, पुरुषांमध्ये अधिक. अशांनी एखाद्या कपावर थांबावे किंवा कागदी गाळणी वापरावी. चक्की तिथेही उपयोगी पडते.

यंत्राला पॉवर पॉइंट हवा आणि अर्थिंग नीट हवे. बोअरवेलचे जड पाणी घातले तर आत क्षार साठून यंत्र काही महिन्यांत चोंदते. ते काढायला सोबतच्या पुस्तिकेत सांगितलेलेच द्रावण वापरावे. दूध फेसाळण्याची नळी वापरून झाली की लगेच ओल्या फडक्याने पुसावी आणि दोन सेकंद मोकळी वाफ सोडावी, नाहीतर आत ओढले गेलेले दूध तिथेच नासते. त्या वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट असतो, तेव्हा यंत्र ओट्याच्या आतल्या बाजूला, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही असे ठेवावे.