गोठा कुणाच्या नावावर?

वसुबारसेला संध्याकाळी आमच्या कसब्यात गाय-वासरू येतं. वाड्यांच्या इमारती झाल्या, गोठे कधीच गेले, त्यामुळे एका गायीपुढे अख्ख्या आळीच्या बायका निरांजनं घेऊन उभ्या राहतात. ती बिचारी पणत्यांनी बुजते. ज्या कसब्यात शिवबांनी सोन्याचा नांगर धरला असं आपण मुलांना कौतुकाने सांगतो, तिथे आता गाय भाड्याने आणावी लागते! असो.

मला त्या रांगेत दरवर्षी आठवतो तो माहेरचा गोठा. कसब्याच्या कडेने वाहणारी मुठा संगमावर मुळेला मिळते आणि पुढे थेऊरवरून भीमेकडे जाते. त्याच काठावर आमचं रान. काळीभोर पोयट्याची जमीन, आणि मधोमध एकटा उभा दगडामातीचा गोठा. वर मंगलोरी कौलं, आत गव्हाण, माळ्यावर कडबा. आता दावणीला जनावर नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आला. चारी बाजूंनी ऊस, नदीत जलपर्णी, आणि पाण्याला वास. आमच्याच मोऱ्यांमधून गेलेलं पाणी ते!

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून आईचं, भावाचं आणि आम्हा दोघी बहिणींचं नाव लागलं. वर्षश्राद्ध झालं आणि भावाचा फोन आला. "ताई, एकदा येऊन सह्या करून जा गं. हक्कसोडपत्र तयार आहे."

मैत्रिणींनो, हा फोन तुमच्यापैकी किती जणींना आला असेल! आणि किती जणींनी "माहेर तुटायला नको" म्हणून मुकाट्याने सही केली असेल. माझा भाऊ काही खलनायक नाही. पहाटे मोटार चालू करायला तोच जातो, उसाचं बिल वेळेवर आलं नाही की झोप त्याचीच उडते. आम्ही दोघी दिवाळीला जाऊन लोणच्याच्या बरण्या भरून आणणाऱ्या. त्याचं म्हणणं मला कळत होतं. पेन हातात घेतलंही असतं.

पण त्या दिवशी मी आधी रानात गेले. गोठ्यात उभी राहिले. गव्हाणीची कड आईच्या हाताने गुळगुळीत झालेली. पहाटे चारला शेण काढणं, धारा, वैरण, मग डेअरीला दूध, आणि त्या दुधाच्या पैशांत आमच्या वह्या-पुस्तकं. सातबाऱ्यावर विहीर आहे, पिकं आहेत. आईने काढलेली चाळीस वर्षं कुठल्याच रकान्यात नाहीत. तिचं नाव त्या कागदावर लागलं ते कुंकू पुसल्यावर. आणि वर्षभरात तिनेही ते सोडून द्यायचं?

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी 1986 मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून नवऱ्यांना सांगितलं, जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करा, जिवंतपणीच. पुष्कळांनी केला. आमच्या गावात तेव्हा या गोष्टीची चेष्टाच झाली.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण "मुलीला कुठला आलाय हक्क" हे अजून ऐकू येतं. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. माझं लग्न 1988 चं, म्हणजे मी बाहेर! 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. मग वडील तेव्हा हयात होते का, यावर वाद. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने तोही मिटवला. हक्क जन्माने आहे, वडील असोत वा नसोत. आणि हक्कसोडपत्र? ते स्वखुशीनेच करायचं असतं. मात्र एकदा दुय्यम निबंधकांपुढे नोंदलं की "मला तेव्हा कळलं नाही" म्हणून सहजासहजी परत फिरवता येत नाही.

मी सही केली नाही. भावाला म्हटलं, "कसणारा तू आहेस, उत्पन्न तूच घे, आम्हाला खंड नको. पण आईचं नाव तिच्या जिवात जीव आहे तोवर निघणार नाही. आमचीही राहू देत. उद्या जमीन विकायची वेळ आली तर चौघं बसून ठरवू." तो रागावला. त्या वर्षी भाऊबीजेला बोलावणं आलं नाही. वहिनीने मात्र चार दिवसांनी गुपचूप फोन केला. म्हणाली, "ताई, बरं केलंत. माझ्या माहेरचा कागद पण आलाय. काय करू?"

यंदा वसुबारसेला मी रांगेत उभी राहिले नाही. भाकरी-गवारीची भाजी डब्यात घेतली आणि एसटीने गावी गेले. गोठ्यात जनावर नव्हतंच. आईने रिकाम्या गव्हाणीवर हळद-कुंकू वाहिलं, वहिनीने पणती ठेवली. भाऊ बांधावरून बघत होता. थोड्या वेळाने आला आणि म्हणाला, "कौलं फुटलीत गं मागच्या बाजूची. पावसाळ्याआधी शाकारून घ्यावी लागतील. खर्च चौघांत."