नावडतीने आणखी काय मागावे?

श्रावणातला पहिला सोमवार होता. नवीन जालन्यात बहिणीच्या घरी तिच्या सासूबाई देवघरासमोर कहाण्यांचे पातळ पुस्तक घेऊन बसल्या होत्या. पुढ्यातल्या वाटीत शिवामुठीचे तांदूळ. कहाणी ऐकणाऱ्यांना ठाऊकच असते. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टे खायचे, जाडेभरडे ल्यायचे आणि गुरांच्या गोठ्यात राहायचे. रानात तिला नागकन्या, देवकन्या भेटतात, वसा देतात. सोमवारमागून सोमवार ती महादेवाला मूठ वाहते आणि शेवटी सासरची आवडती होते.

अकरावीत शिकणारी भाची भिंतीला टेकून मोबाइलमध्ये डोके घालून बसली होती, पण कान इकडेच होते. कहाणी संपली तशी तिने विचारले, "आजी, तिनं एवढंच का मागितलं? मला आवडती कर, बस? या घरातून मला बाहेर काढ, असं का नाही मागितलं?"

आजी म्हणाल्या, "तेव्हा बाहेर जाऊन जाणार कुठं होती गं ती?"

दोघींचेही बरोबर होते. तो प्रश्न ज्या वाचनातून आला, त्याविषयी हे लिहिणे आहे.

भाचीच्या हातात कोरियन चित्रकथा होती, इंग्रजीत भाषांतरित झालेली. तिच्या मैत्रिणींच्याही मोबाइलवर अशाच कथा असतात. प्रणय, राजवाडे, जादू आणि मध्यभागी एक स्त्री. कोरियातल्या नेव्हर कंपनीने 2004 मध्ये पडद्यावर वाचायच्या चित्रकथांचे दालन उघडले, 2014 मध्ये ते इंग्रजीत आले. यात पान उलटायचे नसते. एकच लांबच लांब पट्टी अंगठ्याने वर सरकवायची. छापील चित्रकथेत दोन चौकटींमध्ये बोटभर जागा असते, इथे ती हातभर सोडता येते. भाचीने मला एक प्रसंग दाखवला. राणीचा चेहरा, मग नुसता काळोख, अंगठा सरकतोय, सरकतोय, आणि मग तिचे एक वाक्य. तो काळोख ओलांडायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आपण श्वास धरून असतो. हे तंत्र जमायला कसब लागते आणि ते कसब मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

ती कथा होती 'द रिमॅरीड एम्प्रेस'. अल्फाटार्ट या टोपणनावाने लिहिलेली कादंबरी सुंपुल यांनी चितारली, 2019 पासून ती चित्ररूपात येऊ लागली. बादशहा शिकारीला जातो, सापळ्यात अडकलेली एक पळालेली दासी घेऊन येतो, तिला महालात ठेवतो आणि पुढे पट्टराणीला सोडायचे ठरवतो. पट्टराणी नेव्हिएरला हे आधीच कळलेले असते. भर दरबारात काडीमोडाची वेळ येते, तेव्हा ती रडत नाही की पाया पडत नाही. काडीमोड मान्य आहे, म्हणते, आणि त्याच जागी पुनर्विवाहाची परवानगी मागते. वर शेजारच्या राज्याचा राजपुत्र, तिथेच हजर.

मराठी वाचकाला हा प्रसंग परका वाटायचे कारण नाही. 1887 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. लहानपणी लागलेले ते लग्न त्यांनी मनाने कधी मानलेच नव्हते. आपण तुरुंगात जाऊ, पण नांदायला जाणार नाही, हे त्यांचे उत्तर. पुढे तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. आपल्याकडे दरबार खरा होता आणि नायिकाही खरी होती. तिची चित्रकथा मात्र या मुलींच्या हातात कोणी दिलेली नाही.

या कथांची आणखी एक तऱ्हा आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. आजच्या जगातली एखादी मुलगी मरते आणि तिने वाचलेल्याच एका कादंबरीत जागी होते, तीही बहुधा खलनायिका म्हणून किंवा जिचा बळी जाणार अशी कोणी म्हणून. 'हू मेड मी अ प्रिन्सेस'मध्ये ती अथानासिया नावाची तान्ही राजकन्या होते, जिला मूळ कादंबरीत तिचा बापच मारतो. म्हणजे आपल्यासाठी काय लिहून ठेवले आहे, हे नायिकेला पहिल्या दिवसापासून पाठ असते. उरलेली सगळी गोष्ट ते लिहिलेले खोडण्याची. सटवीने कपाळावर लिहिलेले वाचता आले तर काय कराल, हा आपल्या आज्यांच्या गोष्टीतला प्रश्न तिकडच्या लेखकांनी मोबाइलवर आणून ठेवला आहे.

भाची एकदा म्हणाली होती, "मावशी, आपल्याकडं बाई मेली तरच तिची चित्रकथा निघते." मी आधी रागावले, मग आठवू लागले. अनंत पै यांनी 1967 मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा मराठी हातांनी ती नावारूपाला आणली, आणि माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे इतिहास उभा राहिला तो त्याच चित्रांतून. त्या मालेत स्त्रिया होत्याच. झाशीची राणी, चाँदबीबी, राणी दुर्गावती, पद्मिनी. चौघींचाही शेवट आठवून पाहा. अहिल्याबाई, मीराबाई, सावित्री, शकुंतला याही होत्या, म्हणून भाचीचे म्हणणे शब्दशः खरे नाही. पण त्यांतल्या बहुतेकींची थोरवी मरण्यात, सोसण्यात किंवा वाट पाहण्यात आहे. मोबाइलवरच्या नायिकेचे मरण पहिल्याच भागात उरकते आणि मग तिचे जगणे सुरू होते. सोळा वर्षांच्या मुलीला हा फरक जाणवला, तो मला पन्नाशीत तिने दाखवल्यावर कळला.

हे वाचन उथळ आहे, मुलींना बिघडवणारे आहे, हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. मराठीत तो दीडशे वर्षांचा आहे. आपली कादंबरी रांगू लागली तीच अशा अद्भुतरम्य कथांतून आणि स्त्रियांच्या नावांनी. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. 1872 मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल, म्हणजे कादंबरी, आणि नाटक यांवर निबंध वाचला आणि असल्या लेखनाची कठोर झाडाझडती घेतली. ती झाडाझडती गरजेची होती. पण राजकन्यांच्या त्या कथांनी कादंबरी वाचणारा वाचक तयार केला होता, हेही तितकेच खरे. त्यानंतर 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'मधून 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागली आणि त्यात यमू स्वतःच्या तोंडाने आपली हकिकत सांगू लागली.

जपानमध्येही हेच घडले. ओसामू तेझुका यांनी 1953 मध्ये मुलींच्या मासिकात 'रिबन नो किशी' सुरू केली, तलवार चालवणाऱ्या राजकन्येची गोष्ट. तेझुका ज्या ताकाराझुका गावात वाढले, तिथल्या नाटकमंडळीत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. आपल्याकडे बालगंधर्वांनी स्त्री कशी दिसावी हे ठरवले, तिकडे स्त्रियांनी पुरुष कसा दिसावा हे दाखवले. पुढे 1972 मध्ये रियोको इकेदा या तरुण लेखिकेने 'व्हर्सायचा गुलाब' लिहायला आणि काढायला घेतला. नायिका ऑस्कर, मुलगा म्हणून वाढवलेली, फ्रान्सच्या राणीच्या पहाऱ्याची प्रमुख. तोवर मुलींच्या चित्रकथा बऱ्याच अंशी पुरुष काढत होते. त्या दशकात स्त्रियांनी ते क्षेत्र आपल्या हाती घेतले.

तरीही डोळे मिटून कौतुक करणे योग्य नाही, आणि ते भाचीही करत नाही. तिची सर्वांत मोठी तक्रार त्या दासीबद्दल आहे. रास्ता नावाची ती मुलगी गुलामीतून पळालेली, लिहिता-वाचता न येणारी, बादशहाच्या मर्जीवर जगणारी. कथा तिला हावरी आणि खोटारडी ठरवते आणि तिचा शेवट वाईट करते. "बादशहा सुटला आणि ती मेली," भाची म्हणते. हे समीक्षकाचे बोलणे आहे. आपल्या पेशवाईतही कुणबिणी आणि बटकी विकल्या जात, सरकारी वाड्यांत राबत. पट्टराणीच्या दुःखावर आपण डोळे पुसतो, कुणबिणीसाठी मराठीत किती कथा आहेत? शिवामुठीच्या कहाणीत तरी नावडती हीच तळाशी असते आणि देव तिच्याकडे येतो. सवतीला चेटकीण केले की नायिका आपोआप सोज्ज्वळ होते, ही युक्ती जुनी आहे आणि कोरियातून आली म्हणून नवी होत नाही.

दुसरा दोष अधिक काळजी करण्यासारखा आहे. थंड, क्रूर, अबोल पुरुष फक्त नायिकेशी मऊ वागतो आणि तेच प्रेम ठरते. अथानासियाच्या बापाने एका महालातल्या सगळ्या बायका मारलेल्या असतात. पुढच्या भागांत तो लाडका बाबा होतो आणि मेलेल्यांची आठवण कोणी काढत नाही. मनगट धरून ओढणे, परवानगी न विचारणे, पाळत ठेवणे, हे गुलाबी रंगात काढले की गोड दिसते. मुली हे ओळखतात का? काही ओळखतात. ज्यांच्याशी कोणी याविषयी बोलतच नाही, त्यांनी ओळखावे तरी कसे? मोबाइल काढून घेणारे घर ही संधीही काढून घेते. शिवाय प्रत्येक नायिका दुधासारखी गोरी, कंबर मुठीत मावणारी. आणि प्रत्येक भाग अशा जागी तुटतो की पुढचा लगेच उघडायला पैसे मोजावेत, नाहीतर आठवडाभर थांबावे. भाची थांबते. नळाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या गावातल्या मुलीला थांबणे शिकवावे लागत नाही.

मग आपण काय करायचे? मुलांसाठी चित्रकथा काढणाऱ्या मुंबईच्या 'टिंकल'ने 2015 मध्ये ऐझॉलच्या मापुई कॉलिम या तेरा वर्षांच्या कल्पित मुलीला 'विंगस्टार' केले, म्हणजे इथल्या मुलीला पंख फुटू शकतात. मराठीत कहाण्यांचा, ओव्यांचा, नागकन्या आणि सटवाईंचा एवढा साठा आहे, चित्रकलेच्या शाळांतून दरवर्षी मुली बाहेर पडताहेत, आणि मोबाइलवर वाचायच्या चित्रकथेला छापखानाही लागत नाही. कुंडलिकेच्या काठची, लोखंडाच्या कारखान्यांच्या धुरातली, मोसंबीच्या बागांतली नायिका कोणी काढली तर ती वाचणाऱ्या मुली तयार आहेत. प्रकाशकांनी त्यांना गिऱ्हाईक म्हणून नव्हे, जाणत्या वाचक म्हणून आधी विचारावे. जिल्ह्याच्या ग्रंथालयांनीही एक फळी या वाचनासाठी मोकळी करावी, म्हणजे त्यावर बोलायला जागा होईल.

दुसऱ्या सोमवारी मूठ तिळाची होती. वाती वळता वळता आजींनीच विचारले, "त्या तुझ्या राणीचं काय झालं गं पुढं?" भाची मांडी घालून बसली आणि एकेक चित्र दाखवत मराठीत सांगू लागली. एका शब्दाशी अडली. "राजा तिला डिव्होर्स…"

"फारकत म्हण," आजी म्हणाल्या. "आणि ती दुसरी कोण, रडतेय ती?"

"ती दासी."

"बटीक," म्हणत आजींनी चष्मा पुसला आणि मोबाइल जवळ ओढला. "हिचं दाखव आधी."