परड्यातली जुनी पिकअप



हिंजवडीहून नेऱ्याच्या बाजूने कासारसाईकडे निघालात की काचेच्या इमारती मागे राहतात आणि भाताची खाचरे, उसाचे फड, धरणाचे पाणी दिसू लागते. कासारसाई-दारुंब्रेचा श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. इथल्या गावांत काय किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या बागायती गावात काय, घरामागच्या परड्यात एखादी जुनी गाडी हमखास उभी असते. उंच नाकाची, गोल दिव्यांची, मागे पत्र्याचा हौदा. हौद्यात सध्या कडब्याच्या पेंढ्या असतात, नाहीतर कोंबड्या अंडी घालतात.

आणि त्या गाडीवरून घरात दोन तट असतात. थोरला म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाकू, जागा तरी मोकळी होईल. धाकटा म्हणतो, रंगवून काढू, आत राजस्थानसारखी वाळवंटी सजावट करू, शेतावर सुट्टीला येणारे शहरातले पाहुणे खूश होतील. आजी काहीच बोलत नाही. तिची बाळंतपणं याच गाडीने दवाखाना गाठला म्हणून सुखरूप झाली, हे तिला कोणी विचारतही नाही. आज या धाकट्याच्या बाजूने चार शब्द लिहायचे आहेत, पण त्याचे हातही जरा आवरायचे आहेत.

गाडीचे कूळ आधी ओळखा. महिंद्रांनी १९४७ साली अमेरिकेतल्या विलीस कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्या जोडायला सुरुवात केली. पुढे बरेचसे भाग इथेच होऊ लागले. जीपचे बॉनेट एवढे उंच का, असे मुले विचारतात. त्यातल्या पेट्रोल इंजिनाचा एक व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये आणि दुसरा वर हेडमध्ये असे. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याला झाकण्यासाठी बॉनेटही उचलावे लागले. आपल्याकडे काही पिकअप कारखान्यातूनच तशा आल्या, तर कित्येक जीपना गावच्या फिटरने मागून हौदा जोडून दिला. पुण्याच्या बाजूला आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटाडोरही पुष्कळ. ही कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने चालते.

आता धाकट्याला माझा पहिला प्रश्न. रंग कोणता, हे मागाहून बघू. गाडी झाल्यावर तिचे करणार काय?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळी सोय झाली. पन्नास वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, पुढच्या नोंदणीची ५ हजार, आणि मुदत दहा वर्षांची. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना नंबर ठेवता येतो. एमएच-१२, एमएच-१४ यायच्या आधीची ती तीन अक्षरी पाटी ज्यांच्या घरात आहे त्यांना याचे मोल सांगायला नको.

पण मेख पुढे आहे. व्हिंटेज झालेली गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. म्हणजे त्या गाडीतून टोमॅटोचे क्रेट मार्केट यार्डात न्यायचे नाहीत, आणि पाहुण्यांकडून पैसे घेऊन धरणापर्यंत फेरी मारायची नाही. अंगणात उभी करून दाखवा, खुशाल फोटो काढू द्या. हे आधी कळले नाही तर पैसा ओतून झाल्यावर घरात भांडण ठरलेले.

गाडी कामाला हवी असेल तर व्हिंटेजच्या वाटेला जाऊ नका. साधी नोंदणीच नूतनीकरण करून घ्या, योग्यता तपासणी, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर भरून ती चालवा. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर हे नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावे लागते. पिकअप मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तिचे नियम वेगळे. त्यासाठी पत्र्याला हात लावण्याआधी आरसी बुक घेऊन परिवहन कार्यालयाची पायरी चढा.

बुकावर कोणाचे नाव आहे तेही बघा. बहुतेक ठिकाणी ते आजोबांचे निघते आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झालेली असतात. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ भरतात. सातबाऱ्यावर वारसनोंद करायला आपण जेवढी धावपळ करतो, तिच्या चौथा हिस्साही गाडीसाठी करत नाही. भावाभावांत संमती आजच लिहून घ्या. गाडी भंगार असते तोवर सगळे उदार असतात, ती चकाकू लागली की हिस्सेदार वाढतात.

चासीवरचा कोरलेला नंबर बुकातल्या नंबराशी जुळतो का? इंजिन तेच आहे का? आपल्याकडे पेट्रोल महाग पडते म्हणून अनेकांनी जीपचे मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले, पण बुकात अजून पेट्रोलच आहे. नोंद न करता असा बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच विषयावर निकाल दिला की कारखानदाराने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येणार नाही. म्हणून हौदा लांबवणे, टप कापणे, रुंद चाके घालणे हे गॅरेजवाला कितीही आग्रहाने सांगो, ऐकू नका.

कागद जमले तर मग हातोडी घ्या. मोठी नको, अर्धा किलोचीही नको, लहानशीच. गाडीखाली शिरून चासीच्या पट्ट्या टकटक वाजवत जा, आणि पाट्यांचे खुंट जिथे जोडलेले असतात तिथे विशेष लक्ष द्या. लोखंड खणखणीत वाजले तर ठीक. मडके फुटल्यासारखा बद्द आवाज आला तर आत गंजाने पोखरले आहे. मडगार्डचा पत्रा नवा घालता येतो, पण चासी खाल्ली असेल तर तिथेच थांबून हिशेब करा. वरून लांबी भरून रंग मारला की सगळे झाकते, आणि म्हणूनच लांबीवर माझा भरवसा नाही.

इंजिन जाम असेल तर गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढू नका. ही खोड आपल्यात फार आहे. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, पाचसहा दिवस मुरू द्या आणि मग पुढून हँडल घालून हाताने, अलगद, मागेपुढे हलवून बघा. सुटले तर सुटले. झटका दिलात तर रिंग मोडेल आणि काम दुप्पट होईल. टाकीतले जुने पेट्रोल आटून डिंकासारखे झालेले असते, म्हणून टाकी उतरवून धुतल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. आणि एक धोक्याची गोष्ट. जुन्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. ती बाहेर काढून लांब ठेवल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला गाडीजवळ येऊ देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको. या गाड्यांना चारही चाकांचा ब्रेक एकाच नळीच्या जाळ्यावर असे. एका चाकाजवळ गळती झाली की चारही गेले. म्हणून व्हील सिलिंडरचे रबर, नळ्या, तेल, लायनर सारे नवे. टायरचेही तसेच. जीपचा टायर ६.००-१६ मापाचा, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही पुष्कळदा तेच माप असते. घरात पडलेला ट्रॅक्टरचा टायर जीपला चढवलेला मी पाहिला आहे. चढतो, छान बसतो. पण तो मंद चालीसाठी बनलेला असतो, हमरस्त्यावरच्या वेगासाठी नव्हे.

इथवर आलात तर आता सजावट.

धाकट्याच्या मनात वाळवंट म्हणजे आरसे, गोंडे, उंटांची चित्रे आणि मखमली गाद्या. खऱ्या वाळवंटातली गाडी कशी होती ते त्याला सांगा. दुसऱ्या महायुद्धात, १९४० पासून, इजिप्त आणि लिबियाच्या वाळूत ब्रिटिशांची एक लहान तुकडी शेकडो मैल आत जाऊन टेहळणी करत असे. शेव्हरलेचे साधे मालवाहू ट्रक त्यांच्याकडे होते. त्यांनी त्या ट्रकांत आधी काय घातले नाही, तर काय काढले हे बघण्यासारखे आहे. दरवाजे काढले, टप काढला, पुढची काच काढली. रेडिएटरमधून उकळून निघणारी वाफ नळीने पाण्याच्या डब्यात नेली. इंजिन निवले की तेच पाणी पुन्हा रेडिएटरमध्ये ओढले जाई. पाण्याचा थेंब वाया नाही. वाळवंटाची सजावट म्हणायची तर ती ही.

आपण दरवाजे काढणार नाही, पण रीत घेऊ. फिकट रंग, कारण तो तापत नाही. झटकता येईल असे कापड. डॅशबोर्डवर काहीही चकाकणारे नको. कच्छी आरशांचे काम सुंदर असते, पण ते मागच्या बाजूला लावा. समोर लावलेत तर दुपारच्या उन्हात चालकाच्या डोळ्यांत तिरीप जाईल. बाहेरून वाळूचा रंग देणार असाल तर बुकात रंगबदलाची नोंद करा. आणि जीप म्हटली की लष्करी हिरवा रंग मारायची हौस अनेकांना येते, ती सोडा. तो ऑलिव्ह रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणी वापरू नये असा नियमच आहे.

पण वाळवंटात पाऊस नसतो आणि मुळशीत तो चार महिने मुक्कामाला असतो! राजस्थानी गालिचा तळाला चिकटवलात तर पहिल्या आषाढात त्याखाली पाणी साचेल आणि दुसऱ्या आषाढात तळ गंजून पाय रस्त्याला लागतील. म्हणून तळाला काहीही चिकटवायचे नाही. पत्रा घासून, रेड ऑक्साइड आणि रंग देऊन, पाणी जायची भोके मोकळी ठेवा. वर काथ्याची सुटी चटई टाका. ती उचलून झटकली की काम झाले.

आसनांसाठी माझी शिफारस घोंगडीची. दुरून आणलेल्या वाळवंटापेक्षा आपल्या माण, खटाव, सांगोल्याच्या माळाचे वाळवंट काय वाईट? दख्खनी मेंढीची लोकर काळी, करडी, मळकट पांढरी, न रंगवताच माळाच्या रंगांची. कोरडी हवा, धूळ, अवकाळी सर हे सगळे पाहिलेले हे कापड. ते उन्हात तापून चटका देत नाही, थंडीत गारठत नाही आणि ठिणगी पडली तर फोमसारखे भडकत नाही. रेक्झिनवर दुपारी बसून बघा म्हणजे फरक कळेल. विणकराला मात्र आधी सांगा की आसनासाठी हवी. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तिने ती ताठ राहते. आसनाला खळ न दिलेली, मऊ घेतलेली बरी. आज घोंगडीला गिऱ्हाईक उरले नाही म्हणून कित्येक माग बंद पडले. दोन आसने आणि पाठी एवढ्या कापडाने एखाद्या घराला काही दिवसांचे काम मिळेल, हेही मनात असू द्या.

कुशनवाल्याकडून खोळी नाड्यांच्या शिवून घ्या, खिळ्यांच्या नकोत. आत काथ्याची गादी, तिच्यावर जाड खाकी कॅनव्हास, आणि सर्वांत वर घोंगडी. शिवणकाम जमणाऱ्या घरच्या बायकांना हे कुशनवाल्यापेक्षा चांगले येईल. माप घेताना फक्त गियरच्या दांड्याला आणि हातब्रेकला कापड अडकणार नाही एवढे बघा. दरवाजाला ओढायला कातडी पट्टा शोभतो, पण पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते, म्हणून वर्षातून दोनदा तेलाचा हात फिरवा.

आणि हे सगळे आजीला विचारून करा. आसन किती उंच होते, हौद्याला कोणता रंग होता, पुढच्या काचेवर कोणत्या देवाचे नाव होते, हे तिला आठवत असते. तिला चढायला पायरी मात्र नवी करावी लागेल. ती पुढच्या चाकामागे, चासीला न कापता, बोल्टाने बसवता येते.

मृग लागण्याआधी खोळी काढून घरात वलणीवर टाका, मध्ये कडुनिंबाचा पाला ठेवा म्हणजे कसर लागणार नाही. बॅटरीची तार सोडा, चाकांखाली फळ्या घाला. आणि कोंबड्यांसाठी आधीच दुसरे खुराडे करून ठेवा, कारण त्या इतक्या वर्षांची जागा सहजासहजी सोडणार नाहीत.