सावलींतला पांढरा रंग

कशेळीच्या खाडीचें तैलचित्र काढणारा विद्यार्थी प्रत्येक रंगांत पांढरा मिसळतो, हें आम्हांस पसंत नाहीं. पांढरा रंग अपारदर्शक. त्यानें तिवरांच्या सावल्या खडूसारख्या भुरकट होतात. जलरंगांत कागदाची शुभ्रता जपणारा हाच मुलगा येथें तो धडा विसरतो! फिका थर आधीं वाळूं द्यावा. मग त्यावर अल्ट्रामरीन, व्हिरिडियन असे पारदर्शक रंग जवसाच्या तेलांत पातळ करून द्यावे. प्रकाश त्यांतून आंत शिरून खालच्या थरावरून परततो, आणि सावली गडद असूनहि निस्तेज होत नाहीं. वरच्या थरांत तेल अधिक हवें, नाहीं तर भेगा पडतात. थर वाळावयास दिवसचे दिवस लागतात, आणि एकाच रविवारीं पुरें चित्र मागणारे पालक येथेंच आड येतात. कोल्हापूरचे आबालाल रहमान (मृत्यु १९३१) कोटितीर्थाचें तेंच तळें वर्षानुवर्षें रंगवीत राहिले; मुलास निदान महिन्याची सवड मिळावी. ओहोटीच्या चकाकत्या चिखलास पांढरा त्यानें खुशाल लावावा.