खळे आणि कणगी : संगणकाच्या मेमरीचे माप

बारावीचे निकाल लागले, की 'संगणक घ्यायचा आहे, मेमरी किती असावी?' हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांनाही विचारला जातो. दहिवली-कर्जतच्या अनेक घरांत संगणक ही वर्षातली सर्वांत मोठी खरेदी असते. त्यामुळे हा तांत्रिक विषय आपला नव्हे, असे म्हणून त्यातून अंग काढून घेणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. शिवाय या प्रश्नातला अर्धा गोंधळ भाषेचाच आहे.

'मेमरी' हा एकच शब्द आपण दोन निराळ्या वस्तूंसाठी वापरतो. दुकानदार '५१२ची मेमरी' म्हणतो तेव्हा तो साठवणुकीविषयी बोलत असतो. 'आठची मेमरी' म्हणतो तेव्हा रॅमविषयी. 'स्मृती' हा पारिभाषिक पर्यायही इथे उपयोगी पडत नाही. स्मृती म्हणजे मागे उरते ते; रॅम तर वीज जाताच सारे विसरते.

आपल्या भातशेतीच्या तालुक्यात याला जवळचा दृष्टान्त आहे. साठवण म्हणजे कणगी आणि रॅम म्हणजे खळे. कणगीतले भात पाखडायचे तर ते काढून खळ्यावर पसरावे लागते. खळे लहान असेल तर थोडे आणा, उरका, परत ठेवा, पुन्हा आणा, अशा खेपा सुरू होतात. रॅम अपुरी पडली की संगणक नेमक्या याच खेपा घालतो आणि आपण त्याला 'हँग झाला' म्हणतो. खळ्यावरचे भात अवकाळी पावसात जावे, तसे न जतन केलेले काम वीज गेल्यावर जाते. उलट खळे गावाएवढे केले, तरी पाखडणारे हात तेवढेच राहतात. गरजेपलीकडच्या रॅमने वेग वाढत नाही. जागा रिकामी पडून राहते, एवढेच.

मग माप कसे ठरवावे? आमचे मत असे, की ते यंत्राच्या वयावरून किंवा शेजाऱ्याच्या खरेदीवरून न ठरवता कामावरून ठरवावे. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. या हिशेबाने सुमारे ९ हजार ओव्यांची संपूर्ण ज्ञानेश्वरी ५ मेगाबाइटच्या आत बसते. ८ गिगाबाइटमध्ये तिच्या दीड हजारांहून अधिक प्रती मावतील. म्हणजे रॅम खातो तो आपला मजकूर नव्हे. ती खातात संगणकाची कार्यप्रणाली, ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली डझनभर पाने आणि चलच्चित्रे. विंडोज ९५ला १९९५ साली किमान ४ मेगाबाइट लागत. २०२१च्या विंडोज ११ला किमान ४ गिगाबाइट लागतात. सव्वीस वर्षांत गरज हजारपट झाली. आपल्या अक्षराचे वजन या काळात, ढोबळमानाने, फार तर तिप्पट झाले असेल.

म्हणून नवा संगणक घेताना ४ गिगाबाइट टाळावेत. किमान अट म्हणजे पुरेसे माप नव्हे. लेखन, हिशेबाचे तक्ते, प्रवेशअर्ज, ऑनलाइन व्याख्याने एवढेच काम असेल तर ८ पुरतात. चित्रफितींचे संपादन, अभियांत्रिकीची रेखाटने, मोबाइलसाठी प्रोग्रॅम लिहिणे यांसाठी १६ हवेत. ३२ कशासाठी हवेत, हे ज्याला हवेत त्याला ठाऊक असते.

यावर आक्षेप असा, की मायक्रोसॉफ्टने २०२४ साली आपल्या 'कोपायलट प्लस' संगणकांसाठी १६ची अट घातली, अॅपलनेही त्याच वर्षी मॅकचे किमान माप १६वर नेले. मग ८ घेणे मागासलेपणाचे नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. तो उत्पादकांचा कल आहे, कला शाखेच्या विद्यार्थ्याची गरज नव्हे. आक्षेपात एक तथ्य मात्र आहे. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच कायमची जडवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. अशा वेळी ऐपत असल्यास १६ घेणेच शहाणपणाचे. वाढवण्यासाठी जागा मोकळी असेल, तर आज ८ घ्यावेत आणि गरज पडल्यावर तशाच मापाची दुसरी पट्टी बसवावी. सारख्या दोन पट्ट्या मिळून एकटीपेक्षा जलद चालतात. मात्र डीडीआर४च्या खाचेत डीडीआर५ची पट्टी बसत नाही, हे आधी पाहावे.

'असू दे थोडी जास्त' हे औदार्य एके काळी स्वस्त होते, आता नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांकडे चिपांचा ओघ वळल्याने २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' हा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. जास्तीच्या आठ गिगाबाइटांचा खर्च आता पुस्तके आणि लोकलचा पास यांच्या पैशांशी स्पर्धा करतो.

घरी जुना संगणक असेल, तर नव्याचा विचार करण्यापूर्वी एक पडताळणी करावी. नेहमीची सारी कामे एकदम उघडून टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वापर पाहावा. तो सतत नव्वद टक्क्यांपुढे असेल तर रॅम वाढवावी. तो साठ टक्क्यांवर असूनही यंत्र रखडत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर दोष बहुधा खळ्याचा नसून कणगीचा आहे. तिथे एसएसडी बसवली की तोच संगणक आणखी काही वर्षे सुखाने चालतो.

दुकानात जाताना आकडा पाठ करून जाऊ नये. यावर मी कोणते काम करणार आहे, त्याला किती रॅम पुरते आणि ती पुढे वाढवता येईल काय, हे तीन प्रश्न घेऊन जावे. तिसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर जो दुकानदार देणार नाही, त्याच्याकडून संगणक घेऊ नये.